दहा सेकंदांचा वळसा

परीक्षक म्हणून बसलेल्या मयुराने या बाईंसाठी मुद्दाम सगळ्यात सोपा प्रश्न ठेवला होता.

"व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?"

रुख्माबाईंनी पदर सारखा केला, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या.

दत्तोपंतांनी स्टॉपवॉच दाबलं.

एक

ते स्टॉपवॉच जुनं, चावीचं. दत्तोपंत शाळेतून निवृत्त झाले तेव्हा खेळाच्या कपाटातून त्यांच्या गळ्यात आलं आणि मग गळ्यातून निघालंच नाही. सीताबर्डीच्या त्या दुसऱ्या मजल्यावर, कापडाच्या दुकानावर, त्यांचे इंग्रजीचे क्लासेस सुरू होऊन सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत त्यांनी एकच गोष्ट मोजली: माणूस किती वेळ गप्प बसतो.

"मुलाखतीत दहा सेकंद गप्प बसलात की संपलं," ते म्हणायचे. "अकराव्या सेकंदाला समोरचा चहा मागवतो. स्वतःसाठी."

त्यांच्याच क्लासमध्ये शिकवणाऱ्या शामलाशी त्यांनी करार केला होता तोही तेवढाच. तुम्हाला तुमच्या पद्धतीने एक बॅच शिकवायची आहे ना? शिकवा. सहा आठवडे. शेवटच्या रविवारी बाहेरचा परीक्षक बोलावू. पाच-पाच मिनिटं बोलायचं. तुमच्या नऊ जणांतला एक जरी दहा सेकंद गप्प बसला, तर सोमवारपासून ही बॅच बंद, आणि तुम्हीही माझ्यासारखं शिकवायचं. रोज वीस वाक्यं पाठ.

आठ जण झाले होते. कुणी अडखळलं, कुणी घामाने भिजलं, पण गप्प कुणी बसलं नव्हतं.

नवव्या रुख्माबाई.

दोन

शामला इंग्रजी शिकवतच नाही, असं दत्तोपंत म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. इंग्रजी कसं शिकायचं, हे ती शिकवायची. पुण्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली आणि परत आली ती एक जाडजूड फाइल आणि बदललेली नजर घेऊन.

"म्हणजे पोहायला नाही शिकवायचं," दत्तोपंतांनी विचारलं होतं, "पाण्यात कसं शिरायचं ते शिकवायचं?"

"पाण्यात शिरल्याशिवाय पोहतील कसे सर?"

"माझी मुलं काठावर पोहतात. पासही होतात."

फाइलीतली पहिली युक्ती चिठ्ठ्यांची होती. घरातल्या वस्तूंवर त्यांची इंग्रजी नावं चिकटवायची, म्हणजे येता-जाता डोळ्यांसमोर राहतात. कापड दुकानात विक्रीला असलेल्या भूपेशला ही युक्ती इतकी पटली की त्याने घर दोन दिवसांत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी क्लासला हात घातला. दार, फळा, पंखा, माठ. दत्तोपंतांच्या खुर्चीवर त्याने मोठ्या अक्षरांत 'चेअर' लिहून लावलं, पण डिंक ओला होता. दत्तोपंत बसले, उठले आणि मेन रोडवरून भर गर्दीत चालत घरी गेले. त्यांच्या पत्नीने, सुभद्राकाकूंनी, दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि मागून पाहिल्यावर विचारलं, "हे कोणी ठरवलं?"

तेव्हापासून दत्तोपंत शामलाच्या फाइलीकडे तोंड करूनच बसत. पाठ करून कधीच नाही.

तीन

दुसरी युक्ती होती, जे करता ते इंग्रजीत स्वतःशी पुटपुटायचं.

काजल औषधांच्या दुकानात कामाला. पोरगी मन लावून करणारी. घरून निघाली की हेल्मेटमध्ये सुरू व्हायची, "आय अॅम टर्निंग लेफ्ट. आय अॅम स्टॉपिंग. द सिग्नल इज रेड. द पोलीस इज लुकिंग अॅट मी. द पोलीस इज कमिंग."

पोलीस आला. "फोन निकालो."

"फोन नाही जी, इंग्लिश आहे."

"इंग्लिश में किससे बात कर रही थी?"

"माझ्याशीच."

त्याने हेल्मेट काढायला लावलं, आतून बाहेरून तपासलं, डिक्की तपासली आणि शेवटी तिच्याकडे जरा काळजीने पाहून सोडून दिलं. ही हकीकत काजलने क्लासमध्ये आधी मराठीत आणि मग, कुणी सांगितलं नसताना, इंग्रजीत सांगितली. शामला त्या दिवशी घरी जाताना मेट्रोत एकटीच हसत होती. पण दत्तोपंतांच्या वहीत अशा गोष्टींना रकाना नव्हता.

चार

चौथ्या सेकंदात काही झालं नाही.

खालून रस्त्यावरचा आवाज आला, "देखो देखो, कोई भी उठाओ, दो सौ में!" रुख्माबाईंचा पाय हलला. शामलाला वाटलं, आता बोलतील.

त्यांनी चप्पल नीट केली.

पाच

रुख्माबाई उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. वय अठ्ठावन्न. मुलांनी दुसरी कामं धरली, घरातला माग निघाला, पण रुख्माबाईंचा हात मागावरून निघाला नाही. आता त्या नागपुरात एका हातमागाच्या दुकानात दर्शनी माग चालवत. गिऱ्हाइकांनी पाहावं, फोटो काढावा, साडी घ्यावी.

एकदा कुणी परदेशी बाई आली. किनारीवर बोट ठेवून तिने काहीतरी विचारलं, आणि दुकानातला विक्रेता बोटं न मोजता म्हणाला, "वन डे मॅडम, ओन्ली वन डे."

'वन' आणि 'डे' हे दोन्ही शब्द रुख्माबाईंना येत होते.

"अकरा दिवस माही कंबर मोडली," क्लासच्या पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "अन् हा म्हणते वन डे! मले तिले सांगायचं होतं. तोंड उघडलं तं आतमंदी काहीच नाही. रिकामा माग."

त्यांना कुठे नोकरी नको होती, कुणाकडे परदेशी जायचं नव्हतं. आपल्या कापडाबद्दल आपण बोलायचं, एवढंच. दर आठवड्याला तीनदा त्यांचे यजमान स्कूटरवरून त्यांना सोडायचे आणि क्लास सुटेपर्यंत जिन्यात बसून राहायचे, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. आजही ते जिन्यातच होते.

अशा बाईला नवऱ्याचं नाव विचारलं आणि ती गप्प बसली. सहा आठवड्यांनंतर. शामला मनातल्या मनात उजळणी करू लागली. हजबंड, नेम, दोन्ही शब्द यांना येतात. दुसऱ्याच आठवड्यात घेतलेत मी.

सहा

"मावशी, उखाणा घ्या ना!"

भूपेशला राहवलं नाही. दत्तोपंतांनी त्याच्याकडे पाहिलं, पण अंगठा घड्याळावरून हलवला नाही.

रुख्माबाईंनी मान वळवली आणि हलक्या आवाजात, मराठीत, त्याला म्हणाल्या, "उखाणा लग्नात घेतेत गा. इथं कोणाचं लग्न हाय?"

"मराठी बोललेलं धरणार नाही," दत्तोपंत म्हणाले. "सहा."

सात

तिसऱ्या युक्तीचं नाव शामलाने स्वतः ठेवलं होतं: वळसा.

शब्द आठवला नाही, तर थांबायचं नाही. शब्द म्हणजे डोंगर. चढता येत नाही? बाजूने जा. फळ्यावर तिने डोंगर काढला, त्याच्या पायथ्याने जाणारा रस्ता काढला आणि हवेत बोटाने गोल करून दाखवलं. वळसा. मग चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठीतली वस्तू ओळखू यावी असं इंग्रजीत बोलायचं, पण तिचं नाव घ्यायचं नाही.

भूपेशला छत्री आली. तो उभा राहिला, घसा साफ केला, आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "सांगूनच टाकतो ना मॅडम. अंब्रेला हाय."

काजलला कात्री आली. तिने हाताने कात्री करून दाखवली आणि "कट कट" म्हणाली. मग हाताला काय म्हणतात तेच विसरली.

रुख्माबाईंनी चिठ्ठी उघडलीच नाही. "मॅडम, हे शिकवा लागते काय?"

शामलाने पुन्हा समजावलं. डोंगर, रस्ता, बोट.

"ते समजलं. पण हे तं रोजचंच हाय."

शामलाने तिसऱ्यांदा समजावलं, सावकाश, जरा मोठ्या आवाजात. रुख्माबाईंनी तिचं मन राखायला मान हलवली. त्या रात्री शामलाने आपल्या वहीत लिहिलं: 'रुख्माबाई. वळसा अजिबात समजला नाही. पुन्हा घेणे.'

पुन्हा घ्यायला वेळ मिळाला नाही.

आठ

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये पतीच्या नावाचा रकाना रुख्माबाईंनी कोरा ठेवला होता आणि पेन भूपेशकडे सरकवलं होतं. शामलाने नोंद केली होती, 'लिहिताना अडचण.' पण बाकीचा सगळा फॉर्म तर त्यांनीच लिहिला होता, मोत्यासारख्या अक्षरात!

काजल गोपाळनगरला राहायची. रुख्माबाई तिला विचारायच्या, "काजल, तुह्या त्या नगरात पाणी आलं काय वं? ते प्रतापनगरच्या बाजूचं." दर वेळी. त्यांना नाव लक्षात राहत नाही, असं समजून शामलाने त्यांना एकदा नावं लक्षात ठेवण्याची युक्तीसुद्धा शिकवली होती. जन्माष्टमीनंतर त्या सगळ्यांसाठी प्रसाद घेऊन आल्या, तेव्हा भूपेशने विचारलं, "हे काय मावशी?" तर म्हणाल्या, "दहीलाह्यांचा काला." गोपाळकाला म्हणाल्या नाहीत.

भूपेशने जिन्यात विचारून फॉर्मवर लिहिलेलं नाव शामलाच्या डोळ्यांसमोर आलं.

गोपाळराव.

या बाईला चाळीस वर्षं एक शब्द उच्चारायचा नव्हता, आणि चाळीस वर्षं त्या शब्दावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. दुधवाल्याशी, सरकारी कार्यालयात, डॉक्टरांकडे, सासरी, माहेरी. आणि वळसा म्हणजे काय ते शामला यांना समजावत होती! तीनदा! चित्र काढून!

नऊ

बोलायची तिला मुभा नव्हती. शामलाने हात वर केला आणि हवेत बोटाने गोल केलं.

"पंखा चालूच आहे," दत्तोपंत म्हणाले.

पण रुख्माबाईंनी ते बोट पाहिलं. त्यांनी शामलाकडे असं पाहिलं, जसं एखादी बाई भलत्याच माणसाकडून भलत्याच जागी ओळखीची खूण मिळाल्यावर पाहते. *हे चालते काय इथं?*

शामलाने मान हलवली.

दत्तोपंतांचे ओठ दहा म्हणायला उघडले होते.

"माय हजबंड नेम," रुख्माबाई म्हणाल्या, "आय नो टेल."

अंगठा थांबला.

"आय टेल साइड साइड. यू टेल नेम."

मयुरा दत्तोपंतांची पुतणी. मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे फोन ऐकून त्यांना मार्क देणं हे तिचं काम. आपल्यालाच कुणी काम सांगेल अशी तिची कल्पना नव्हती. ती सरळ बसली. "ओके."

"लॉर्ड कृष्णा. यू नो?"

"यस."

"लॉर्ड कृष्णा स्मॉल. बिग नो. वॉर टाइम नो. बटर टाइम."

"माखनचोर?" मयुरा इंग्रजी विसरली.

"नो!" रुख्माबाई दुखावल्या. "माय हजबंड नो थीफ! सिम्पल मॅन! स्टेअरकेस सिटिंग!"

मागे कुणीतरी फुसकन हसलं. शामलाने वळूनही पाहिलं नाही. तिचं बोट अजून हवेत होतं.

"ओके, सॉरी. मुरलीधर?"

"फ्लूट नो. ओन्ली..." रुख्माबाई अडल्या. शामलाला कळलं, हे अडणं निराळं होतं. हा शब्द त्यांना घ्यायचा होता आणि तो खरंच येत नव्हता. एक क्षण. दोन. मग रुख्माबाईंनी दोन बोटं कपाळाला लावली. "अॅनिमल. फोर लेग. टू धिस. मॉर्निंग मिल्क, इव्हनिंग मिल्क."

"काऊ!"

"हो! काऊ! थँक्यू." त्यांनी तो शब्द उचलला आणि लगेच वापरायला घेतला. "काऊ गो जंगल. स्मॉल कृष्णा गो बिहाइंड काऊ. काऊ ईट. कृष्णा सिट. इव्हनिंग टाइम, काऊ कम होम, कृष्णा कम होम. धिस वर्क मॅन. धिस नेम."

"गोविंद!"

"व्हेरी नियर!" रुख्माबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "नेक्स्ट हाऊस!"

"गिरिधर?"

"नो, नो, यू गो फार. कम बॅक. गोविंद हाऊस, कम बॅक."

भूपेशने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. काजल पुटपुटत होती, "शी इज गोइंग फार. शी इज कमिंग बॅक." खुद्द दत्तोपंत पुढे वाकले होते. त्यांना उत्तर माहीत होतं. फॉर्म त्यांच्याच कपाटात होता. आणि ज्याला उत्तर माहीत आहे अशा मास्तरला गप्प बसण्याचा जो त्रास होतो तो त्यांच्या मानेच्या शिरांवर दिसत होता.

"केशव? मोहन? नंदलाल?"

"काऊ!" रुख्माबाईंनी टेबलावर हात आपटला. "काऊ नो फर्गेट! काऊ टेक केअर मॅन!"

मयुरा उभी राहिली. "गोपाळ!" ती ओरडली. "गोपाळ!"

"ओ!" जिन्यातून आवाज आला. "आलो, आलो!"

धावत वर आलेल्या माणसाच्या एका हातात डब्याची पिशवी होती, दुसऱ्या हातात हेल्मेट. दारात उभं राहून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "काय झालं? गाडी हटवा लागते काय?"

रुख्माबाईंनी त्यांच्याकडे हात केला आणि मयुराला म्हणाल्या, "धिस."

हसू ओसरायला बराच वेळ लागला. गोपाळराव तेवढा वेळ दारातच, पिशवी आणि हेल्मेट सांभाळत.

दत्तोपंत मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. "एक मिनिट," ते म्हणाले. "उत्तर बाईंनी दिलं नाही. उत्तर तू दिलंस मयुरा."

शामलाचं बोट खाली आलं. कारण हे खरंच होतं.

"काका, नियम काय होता?"

"नियम गप्प बसण्याचा होता."

"मग त्या गप्प बसल्या का? घामाघूम मी झाले. आमच्याकडे पोरं एक शब्द अडला की फोन कापतात. यांनी मला 'परत ये' म्हणून परत आणलं." मयुरा पाणी प्यायली. "आणि सकाळी तुमच्या बॅचच्या परीक्षेत पियूषला मी विचारलं, कुठे राहतोस. त्याने 'रामटेक इज अ होली टाऊन'पासून सुरुवात केली. बाराव्या वाक्यात आपल्या गावी, पारशिवनीला, पोचला. मध्ये मी काही विचारलं की पुन्हा रामटेक. पण गप्प बसला नाही म्हणून तुम्ही त्याला पास केलंत."

पियूष मागच्या बाकावर बसला होता. पाठांतराच्या बॅचचा तो पहिला नंबर. तो खाली पाहू लागला.

"ते वेगळं," दत्तोपंत म्हणाले. "पण नवऱ्याचं नाव न घेणं म्हणजे इंग्रजी येणं नव्हे. माझ्या घरी बघ, सुभद्रा..."

"काकू तुम्हाला काय म्हणते?"

दत्तोपंतांनी तोंड उघडलं. मग मिटलं. ते विचारात पडले. अठ्ठेचाळीस वर्षं त्या बाईने त्यांना जेवायला बोलावलं होतं, बाजारात पाठवलं होतं, भांडणात धारेवर धरलं होतं, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून राहिली होती. काय म्हणून हाक मारली होती? त्यांच्या गळ्यात घड्याळ टिकटिकत होतं. ते बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

काजल सवयीने पुटपुटत होती. "एट. नाइन. टेन." आणि मग जरा घाबरून, "इलेव्हन."

भूपेश अदबीने उठला. "सर, चहा मागवू काय?"

दत्तोपंतांनी गळ्यातलं घड्याळ काढलं. शामलाने ते त्यांच्या गळ्याबाहेर पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ काच पुसली, जणू दोष काचेचा होता.

"बॅच राहू द्या," ते म्हणाले. आणि शामलाचा चेहरा उजळायच्या आत, बोट रोखून, "चिठ्ठ्या मात्र नकोत."

"नाही सर."

"आणि सोमवारपासून या पियूषलाही तो तुमचा... तो..." त्यांना शब्द आठवेना. त्यांनी हवेत बोट गोल फिरवलं.

"वळसा सर?"

"तो. शिकवा याला."

"मी नाही शिकवणार," शामला म्हणाली. "मला वाटायचं, मला येतो." ती रुख्माबाईंकडे वळली. "मावशी, तुम्ही शिकवाल याला?"

सहा आठवड्यांत शामलाने त्यांना पहिल्यांदाच मावशी म्हटलं होतं. रुख्माबाई यजमानांच्या हातातल्या पिशवीत वही कोंबत होत्या. त्यांनी पियूषला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अंगाला येतो का ते बघत कपडा न्याहाळावा तसं.

"लग्न झालं काय गा तुहं?"

"नाही मावशी."

"मंग कसं येईन!" रुख्माबाई म्हणाल्या, आणि गोपाळरावांना हात करून जिना उतरू लागल्या. "चला ना वो."